दगडाचा पत्ता

"सर, गोटा त एकच हाय, मंग सोळा फोटो कायले?"

अमरावतीच्या राजापेठेतल्या गल्लीतलं डीटीपीचं दुकान, मे महिन्याची दुपार. कूलर गरम वाराच फेकत होता. बाकावर लग्नपत्रिकांचे गठ्ठे पडले होते आणि दोन पत्रिकांच्या मधल्या वेळात पोरगा माझी प्लेट लावून देत होता. प्लेट म्हणजे जीवाश्मांवरच्या पेपरातलं चित्रांचं पान. सोळा चौकटी, प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक अक्षर. त्यात गारगोटीत अडकलेलं बोराएवढं फळ, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचं. कुठं आडवं कापलेलं, कुठं उभं, कुठं बीचं कवच, कुठं कवचातल्या पेशी. गोटे खरं तर दोन होते, पण चित्रांत ते सारखेच दिसत. त्याला म्हटलं, "वाचणाऱ्याला गोटा हातात घेता येत नाही ना बाबा, म्हणून."

त्याला ते पटलं असावं. कारण पुढच्या दहा मिनिटांत त्यानं दोन चित्रं ओढून मोठी केली. "लहान दिसून राह्यलं होतं, सर."

चित्राखाली मी ‘× ४०’ लिहिलं होतं. आमच्या सरांच्या काळातली ही सवय. सूक्ष्मदर्शकाचं भिंग चाळीसपट, म्हणून चित्र चाळीसपट. पोरानं चित्र ओढलं आणि माझे चाळीस तिथंच खोटे पडले. छापताना ते पुन्हा लहान होणार, कुणी मोबाइलवर बघताना चिमटीनं मोठं करणार. म्हणून हल्ली बरीच नियतकालिकं पट लिहू देत नाहीत, ‘स्केल बार’ मागतात. चित्राच्या आतच एक पांढरी रेघ, तिच्यावर लिहायचं अर्धा मिलिमीटर. चित्र ओढलं की रेघही ओढली जाते, आक्रसलं की तीही आक्रसते. सोळाही चित्रं पुन्हा उघडून मोजपट्टीच्या काचेवरून रेघा मारायला संध्याकाळ झाली. मधे एक नवरदेवाचा बाप येऊन माझ्याकडं रागानं बघून गेला.

गारगोटीतले जीवाश्म कापायचा हा उद्योग विदर्भात नवा नाही. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगावकलांच्या गारगोट्यांनी इथल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांच्या तीन-चार पिढ्या पोसल्या आहेत. दख्खनचा लाव्हा एकदम वाहिला नाही. थांबून थांबून वाहिला, आणि दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडं उगवली. तळ्याच्या गाळात पडलेल्या फळाफुलांत सिलिका भरली आणि पेशीन् पेशी टिकली. १९४३ साली पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानींनी तिथल्या एका फळाला ‘एनिग्मोकार्पॉन परिजाय’ नाव दिलं. एनिग्मोकार्पॉन म्हणजे कोड्यात टाकणारं फळ, आणि परिजाय हे ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा यांच्यावरून. पुढच्याच वर्षी नागपूरच्या व्ही. बी. शुक्लांनी त्याच जागचं फूल ‘सहानियांथस’ म्हणून वर्णन केलं आणि त्याचं नातं त्या फळाशी जोडलं. हे फळ मेंदीच्या कुळातलं मानतात. आपलं राज्यफूल तामणही त्याच कुळातलं.

दगडातून पेशी काढायची रीत सांगायला हवी, कारण पेपरमधलं ‘साहित्य आणि पद्धती’ हे चार ओळींचं प्रकरण म्हणजे प्रत्यक्षात माझे आठ महिने. हिऱ्याच्या पात्यानं गारगोटी कापायची. काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन कापलेली बाजू घासायची, आधी जाड पूड, मग बारीक, बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत. मग हायड्रोफ्लोरिक ॲसिडमध्ये काही मिनिटं. हे ॲसिड काच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या बाटलीत येतं. हातावर पडलं तर लगेच आग होईलच असं नाही आणि ती होऊ लागेपर्यंत ॲसिड हाडापर्यंत पोचलेलं असू शकतं. त्यामुळं हातमोजे, धूर ओढणारं कपाट आणि शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब असल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही. ॲसिड सिलिका खातं, पेशींच्या भिंती तशाच राहतात आणि केसाहून बारीक उंचीनं वर येतात. धुऊन, वाळवून त्यावर ॲसिटोन ओतायचं आणि सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ कागद हलकेच टेकवायचा. वाळला की सोलून काढायचा. त्याला ‘पील’ म्हणतात. कागदावर त्या फळाचा एक काप उमटलेला असतो. पुन्हा थोडं घासायचं, पुन्हा ॲसिड, पुन्हा पील. दर पीलबरोबर दगड थोडा कमी होतो. साठ पील झाल्या तेव्हा माझ्या हातात फळ उरलंच नव्हतं, कागदांचा गठ्ठा होता.

म्हणूनच वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत जीवाश्मांसाठी खास शिफारस आहे. नवी जाती ज्या नमुन्यावर उभी राहते तो तुम्ही कापून तुकडे केलात, तरी ज्या ज्या तुकड्यावरून वर्णन केलंत त्या सगळ्यांवर खूण हवी. म्हणजे प्रत्येक पीलवर क्रमांक हवा. हे मला आधी कारकुनी वाटायचं.

आता दगड आले कुठून ते सांगतो. एक मी स्वतः मोहगावकलांला वेचलेला. जीपीएसचे आकडे वहीत होते, पण फळ एका बाजूनं चेपलेलं. दुसरा सरांचा. सर गेले, त्यानंतर काकूंचा फोन आला होता. "बाप्पा, सरायचे गोटे घेऊन जाय. पोरानं घराचं काम काढलं, नाही त मजूर पायव्यात टाकतीन." संत्र्याच्या तीन पेट्या ऑटोत घालून राजापेठेत आणल्या. वर कालनिर्णयची पानं, खाली गारगोट्या. बहुतेक चिठ्ठ्या कसरीनं खाल्लेल्या. एका गोट्याला मात्र रबरानं बांधलेली चिठ्ठी शाबूत होती. सरांचं अक्षर, "मोहगाव, ८७". आत असं फळ, की जणू काल गळून पडलं.

मग काय, नवी जाती त्याच्यावर उभी केली आणि माझा चेपका दगड दुय्यम पुरावा म्हणून लावला. सोळातली अकरा चित्रं सरांच्या दगडाची.

मॅन्युस्क्रिप्ट पाठवायची रात्रही लक्षात आहे. ओळींना क्रमांक, संदर्भांत स्वल्पविराम कुठं नि पूर्णविराम कुठं, चित्रं वेगळ्या फायलींत, संपादकांना पत्र, शिवाय परीक्षक म्हणून काही नावं सुचवा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. मोहगावच्या फळांबद्दल अधिकारानं बोलणारी माणसं थोडी, त्यातले निम्मे कधी ना कधी आपल्याच पेपरचे सहलेखक. प्लेटची फाइल नव्वद टक्के चढली आणि वीज गेली. मोबाइलच्या नेटवर ती पहाटे दोनला चढली. त्याच आठवड्यात फोनवर एक संदेश आला होता. सात दिवसांत पेपर छापून, प्रमाणपत्रासकट, फी इतकी. बढतीच्या गुणांसाठी तिथं पैसे भरणारे आमच्यात आहेत, हे मी नाकारत नाही. तिथं कुणी प्रश्न विचारत नाही, हीच त्या फीची खरी किंमत.

चार महिन्यांनी दोन परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ही नवी जाती नव्हे, हा एनिग्मोकार्पॉनचाच तिरपा काप आहे, फळातल्या कप्प्यांची संख्या टोकाकडं बदलते, पील क्रमानं लावून बघा. आधी राग आला. मग जेवणाच्या टेबलावर काच ठेवून खाली दिवा लावला आणि साठ कागद ओळीनं मांडले. टोकाकडं पाच कप्पे, मधोमध आठ. परीक्षक बरोबर होता. मी पाचाच्या भरवशावर बारसं उरकून बसलो होतो.

दुसऱ्यानं एकच ओळ लिहिली होती. कोणतं मोहगाव?

कलां म्हणजे आपल्याकडचं बुद्रुक. एका नावाची दोन गावं वेगळी ओळखू यावीत म्हणूनच असली शेपटं लागतात. आणि मोहगावं दोनच आहेत थोडी! सौंसरजवळही एक मोहगाव आहे. सरांच्या चिठ्ठीत ना कलां, ना जिल्हा, ना नाला, ना थर. मी उत्तरात पानभर लिहिलं की सर कायम मोहगावकलांलाच जात, गारगोटीचा रंग तसाच आहे, आम्ही सगळे विद्यार्थी साक्षीला आहोत. संपादकांनी सभ्यपणे कळवलं की साक्षीदार चालत नाहीत.

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. १९८९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की पंजाब विद्यापीठाच्या विश्वजित गुप्तांनी हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापलेले कितीतरी जीवाश्म हिमालयातले वाटत नाहीत. काही मोरोक्कोतल्या जीवाश्मांसारखे, काही न्यूयॉर्क राज्यातल्या. दगड खरेच होते, पत्ते खोटे होते, आणि तेवढ्यानं हिमालयाच्या भूशास्त्रातली कित्येक पानं संशयाखाली गेली. उलट उदाहरणही आपल्या जवळचंच. २०२१ साली ‘गोंडवाना रिसर्च’मध्ये भीमबेटकाच्या गुहेत डिकिन्सोनिया हा अतिप्राचीन जीव सापडल्याचा पेपर आला, जगभर गाजला. पत्ता नेमका दिला होता. म्हणून दुसरे संशोधक त्याच गुहेत जाऊन बघू शकले, आणि २०२३ मध्ये कळलं की तो जीवाश्म नसून भिंतीवरच्या आग्या मोहोळाचा उरलेला अवशेष होता. मूळ लेखकांनी चूक मान्य केली. पेपर चुकला तरी चालतं, पत्ता बरोबर असला की चूक दुरुस्त होते.

अमरावतीकरांना नेमक्या पत्त्याचा नमुना मोर्शीच्या पुढं मिळेल. सालबर्डीला महाशिवरात्रीला जाणाऱ्या कित्येकांना ठाऊक नसतं की तिथल्या लमेटा नावाच्या खडकांच्या थरांत डायनासोरचे अवशेष आहेत. आपल्याच विद्यापीठातल्या श्रीवास्तव आणि माणकर यांनी २०१३ साली ‘करंट सायन्स’मध्ये तिथल्या एका पुढच्या पायाच्या हाडावर लिहिलं. त्या लेखाच्या शीर्षकात अमरावतीही आहे आणि बैतूलही, महाराष्ट्रही आणि मध्य प्रदेशही. पहिल्यांदा वाचताना मला हसू आलं होतं, शीर्षक आहे की सातबारा. सालबर्डी सीमेवर आहे, शिवार दोन्हीकडं आहे, मग दुसरं काय लिहिणार? आता हसू येत नाही.

मी पेपर पुन्हा लिहिला. नवं नाव गेलं. सरांचा दगड गेला, त्याच्याबरोबर अकरा चित्रं गेली. उरला माझा चेपका गोटा आणि एनिग्मोकार्पॉनच्या टोकाकडच्या कप्प्यांबद्दल पाच पानांची टीप. डीटीपीच्या पोरानं या वेळी प्लेट पाऊण तासात लावली. "आता पाचच, सर?" त्यानं विचारलं. पाचच, म्हटलं. ती टीप स्वीकारली गेली.

चेपका दगड आणि त्याच्या पील आता संग्रहालयात आहेत, क्रमांकासकट, कुणीही जाऊन मागावेत. सरांचा उरलेला तुकडा आणि त्याचे साठ कागद महाविद्यालयाच्या कपाटात आहेत. त्यांच्या चिठ्ठीशेजारी मी माझी एक लावली आहे: "मोहगाव. कोणतं ते माहीत नाही." त्या फळाइतकं चांगलं फळ मला पुन्हा मिळालेलं नाही.

अमरावतीत, अकोल्यात, नागपूरकडं निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावर अशा पेट्या अजून असतील. तुमच्या घरी असेल तर बांधकाम काढायच्या आधी एकदा उघडा. सर हयात असतील तर आजच शेजारी बसून विचारा, कोणतं गाव, कोणता नाला, आणि लिहून घ्या. चिठ्ठी वाचता येत नसली तरी ती दगडापासून वेगळी करू नका.