दृष्टांत आणि निवाडा

सादिगुरा हे गाव आज युक्रेनमध्ये आहे; एकोणिसाव्या शतकात ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. हासिदी ज्यूंच्या एका मोठ्या गुरुघराण्याचे ते ठाणे. तिथले रब्बी अवराहाम याकोव्ह १८८३ मध्ये वारले, तेव्हा टेलिफोनचे पेटंट निघून जेमतेम सात वर्षे झाली होती. त्यांच्या नावावर एक संवाद सांगितला जातो आणि तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी हासिदी कथांच्या आपल्या संग्रहात तो घेतला आहे. देवाने निर्मिलेल्या वस्तूंतूनच नव्हे, तर माणसाने घडवलेल्या वस्तूंतूनही शिकता येते, असे गुरू म्हणाले. शिष्यांनी विचारले: मग आगगाडीतून काय शिकायचे, तारेतून काय, टेलिफोनमधून काय? उत्तरे थोडक्यात अशी होती. आगगाडी सांगते की एका क्षणाचा उशीर सगळे घालवतो. तार सांगते की शब्दाशब्दाची मोजणी होते आणि प्रत्येकाचे दाम लागतात. टेलिफोन सांगतो की इथे बोललेले तिथे ऐकू जाते. ज्यू परंपरा आणि आधुनिक यंत्रे यांच्या दीडशे वर्षांच्या सहवासाविषयी बोलताना हा संवाद हमखास सांगितला जातो, आणि तो सांगण्यासारखा आहेच. पण या काळाचा मागोवा घेतला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. यंत्रांविषयी काही नवे कळले असेल, तर ते अशा दृष्टांतांतून फारसे नाही. ते निवाड्यांतून, म्हणजे हलाखा या धर्मशास्त्राच्या किचकट, कधी कधी कंटाळवाण्या वाटणाऱ्या वादांतून कळले.

दृष्टांताची परंपरा दुबळी होती असे नाही. हासिदी पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव्ह १७६० मध्ये वारले. जे दिसते आणि जे ऐकू येते त्यातून ईश्वरसेवेचा काही बोध घ्यावा, ही त्यांची शिकवण विसाव्या शतकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रब्बी मेनाखेम मेंडेल श्नेअरसन यांनी सर्वांत जोमाने चालवली. बर्लिन आणि पॅरिसमध्ये शिकलेला, अभियांत्रिकीची ओळख असलेला हा धर्मगुरू रेडिओ, अणुशक्ती, अंतराळप्रवास यांतून बोध काढी. १९६० पासून त्यांच्या पंथाच्या मूळ ग्रंथाचे पाठ न्यूयॉर्कच्या रेडिओवरून होऊ लागले. पुढे त्यांची प्रवचने टेलिफोनच्या जोडण्यांवरून आणि मग केबल टीव्हीवरून दूरदूरच्या गावांत पोचली. नवे यंत्र भ्रष्टच असते असे मानून दार लावून घेण्यापेक्षा ही वृत्ती कितीतरी मोकळी होती. तरीही तिची मर्यादा मान्य करावी लागते. अंतराळवीराने बारीकसारीक सूचना काटेकोर पाळाव्या लागतात, तशीच भक्तानेही आज्ञा पाळावी, हा बोध चांगला आहे. पण तो सैनिकाच्या किंवा नावाड्याच्या उदाहरणावरूनही काढता आला असता. यंत्र बदलते, तात्पर्य बदलत नाही. तात्पर्य आधीच ठरलेले असते आणि यंत्राला फक्त साक्षीला बोलावलेले असते.

निवाडा करायला बसलेल्या माणसाला ही सोय नसते. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, कोणती कामे वर्ज्य आहेत याची एकोणचाळीस कामांची यादी मिश्ना या प्राचीन ज्यू नियमसंग्रहात आहे: पेरणे, कापणी करणे, दळणे, विणणे, लिहिणे, बांधणे, विस्तव पेटवणे, तो विझवणे वगैरे. त्यात वीज असणे शक्यच नव्हते. मग दिवा लावणे म्हणजे विस्तव पेटवणे का? बल्बमधली तार तापून लाल होते, म्हणून त्या दिव्यापुरते होकारार्थी उत्तर देता आले. पण जिथे तार तापत नाही, तिथे काय? लवोव्हचे रब्बी यित्सखाक श्मेल्केस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्हटले की प्रवाह सुरू करणे म्हणजे नसलेली वस्तू निर्माण करणे. खाझोन इश या नावाने ओळखले जाणारे रब्बी कारेलित्झ म्हणाले की विजेचे मंडल जोडणे हे बांधण्याचेच काम आहे. जेरुसलेमच्या श्लोमो झाल्मन आउअरबाख यांनी १९३५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, विजेवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. त्यांनी एकेक कारण तपासले आणि ते अशा निष्कर्षाला आले की उष्णता किंवा प्रकाश नसलेल्या नुसत्या प्रवाहाला एकही जुनी बंदी नीट लागू होत नाही. तरीही रूढ झालेली वर्ज्यता त्यांनी मोडू दिली नाही. मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासात फार मोलाचा वाटतो. बंदीला घट्ट शास्त्राधार नाही हे लपवायचे नाही आणि समाजाने धरलेला नियम आपल्या युक्तिवादाच्या जोरावर उधळायचाही नाही, हे दोन्ही एकाच माणसाला जमले. शिवाय त्यासाठी वीज प्रत्यक्षात काय करते, हे त्याला समजून घ्यावे लागले. दृष्टांत सांगणाऱ्यावर ती वेळ येत नाही.

यावर सर्वांत जुना आणि सर्वांत बोचरा आक्षेप पळवाटांचा आहे. बटण दाबायचे नाही, पण आधीच लावून ठेवलेल्या घड्याळाने दिवे बंद होऊ द्यायचे. लिफ्ट बोलवायची नाही, पण आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबणाऱ्या शब्बाथ लिफ्टमधून जायचे. ओव्हनला शब्बाथसाठी खास व्यवस्था करून घ्यायची. देवाला फसवण्याचे हे प्रकार नव्हेत काय? आक्षेपात तथ्य आहे, आणि ते ओळखणारे परंपरेच्या आतच होते. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनी टायमरच्या वापराला विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की, हे चालवून घेतले तर कारखानेच्या कारखाने शब्बाथला आपोआप चालू शकतील आणि दिवसाला काही अर्थ उरणार नाही. दिव्यांपुरती तेवढी सूट त्यांनी ठेवली, कारण ती प्रथा आधीच रुळली होती. २००९ मध्ये इस्राएलमधल्या ज्येष्ठ रब्बींनी शब्बाथ लिफ्टविरुद्धही मत दिले; इतर संस्था आणि रब्बी तिच्या बाजूने ठाम राहिले. या भांडणाला केवळ शब्दच्छल म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण फाइन्स्टाइन यांच्या भीतीत एक मोठा प्रश्न दडलेला आहे: माणूस थांबला आणि त्याने नेमून दिलेले यंत्र चालूच राहिले, तर काम थांबले असे म्हणायचे का? स्वयंचलित व्यवहारांच्या या काळात, माणूस झोपला असताना त्याच्या वतीने खरेदी-विक्री करणाऱ्या प्रणालींच्या बाबतीत, हा प्रश्न शब्बाथ न पाळणाऱ्यांनीही विचारायला हवा. पळवाट शोधणाऱ्यांनी आणि ती बुजवणाऱ्यांनी मिळून तो स्पष्ट केला.

नियम सैल केला की काय होते, याचाही पुरावा या काळात मिळाला. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह या ज्यू चळवळीने १९५० मध्ये असा निर्णय दिला की सिनगॉग चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, तर शब्बाथला प्रार्थनेसाठी मोटार चालवून जाता येईल. हेतू चांगला होता. लोक उपनगरांत राहायला गेले होते आणि त्यांना समाजापासून तोडायचे नव्हते. पण चालत जाण्याची सक्ती सुटली तसे सिनगॉगजवळ घर घेण्याचे कारणही सुटले. शेजार विरळ झाला आणि त्या निर्णयावर चळवळीच्या आतूनच पुढे टीका झाली. मोटार काय करते हे इथे उघड झाले: ती माणसाला पोचवते आणि त्याच वेळी माणसामाणसांतले अंतर वाढवण्याची मुभा देते. याच चळवळीच्या न्यूयॉर्कमधल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या अब्राहम जोशुआ हेशेल यांचे शब्बाथवरचे पुस्तक १९५१ मध्ये आले. तंत्रज्ञान अवकाश जिंकते आणि शब्बाथ काळाला पवित्र करतो, असे त्यांचे प्रतिपादन. ते पुस्तक सुंदर आहे, जगभर वाचले गेले. पण अंतराविषयी चालण्याच्या साध्या नियमाने जे साधले होते, ते त्या सुंदर प्रतिपादनाला साधले नाही.

इथे कोकणची आठवण आवश्यक आहे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे बेने इस्राएल हे ज्यू जगाच्या ज्ञानकेंद्रांपासून शतकानुशतके दूर होते. हिब्रू ग्रंथ, ताल्मुद, बहुतेक प्रार्थना त्यांच्यापाशी उरल्या नव्हत्या. शमा ही एक प्रार्थना, सुंता, खाण्याचे काही नियम आणि शब्बाथ टिकला होता. शेजाऱ्यांनी त्यांना ओळखले ते शनिवार तेली म्हणून, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या छापखान्यांनी त्यांना नवी साधने दिली. १८४६ मध्ये मुंबईत पेसाख सणाची हगादा ही पोथी शिळाछापावर मराठी भाषांतरासह निघाली, १८७४ मध्ये पुण्यात आणखी एक. १८८० च्या सुमारास त्यांनी शेजारच्या हिंदू समाजाकडून कीर्तन घेतले आणि अब्राहाम, योसेफ यांची आख्याने मराठीत रंगवली. दृष्टांत, कथा, छपाई हे सगळे त्या समाजाला प्रिय होते आणि त्याने त्यांचा उत्तम उपयोग केला. पण ही साधने येईपर्यंत ज्याने त्याला ज्यू म्हणून टिकवले, ते म्हणजे आठवड्यातून एकदा यंत्र थांबवण्याची रीत.

बोलणे आणि पाहणे या बाबतींत तर निवाड्यांचा साठा आजच्या माध्यमांना थेट भिडतो. माइन्झचे रब्बेनू गेर्शोम हजार वर्षांपूर्वीचे; दुसऱ्याचे पत्र त्याच्या परवानगीशिवाय वाचणाऱ्यावर बहिष्कार, हा दंडक त्यांच्या नावाने चालत आला आहे आणि आजचे रब्बी तो ईमेलला लावतात. रब्बी यिसराएल मेइर कागन यांनी १८७३ मध्ये निंदेविरुद्ध जो ग्रंथ लिहिला, त्यात एक प्रश्न असा आहे: तीन जणांसमोर बोललेली गोष्ट जगजाहीर समजून पुढे सांगता येते का? ताल्मुदातल्या एका वाक्यावरून काही जण तशी सूट काढत. कागन यांनी ती अटींनी इतकी आवळली की तिच्यात जवळजवळ काही उरले नाही. ‘सगळ्या ग्रुपवर आलंच आहे, मी फक्त पुढे पाठवलं’ हे आज रोज ऐकू येणारे समर्थन त्या सुटीचेच रूप आहे. सादिगुराच्या गुरूंनी इथले तिथे ऐकू जाते एवढे सांगितले. कागन यांनी ते तिथे नेणाऱ्याची जबाबदारी किती, हे ठरवायचा प्रयत्न केला.

प्रामाणिकपणे सांगायचे तर याच काळात परंपरेचा एक भाग उलट दिशेलाही गेला. २० मे २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी फील्ड या बेसबॉलच्या मैदानावर इंटरनेटच्या धोक्यांविषयी चाळीस हजारांहून अधिक अतिधार्मिक ज्यू पुरुष जमले. मैदानात स्त्रियांना प्रवेश नव्हता. इस्राएलमध्ये त्याआधीच रब्बींच्या मान्यतेचे, फक्त बोलण्यापुरते फोन आले होते. मुलांविषयीची काळजी खरी होती आणि काही बाबतींत ती दूरदृष्टीची ठरली, हे नाकारता येत नाही. पण त्या चळवळीचा भर माणूस यंत्रातून काय पाहील यावर होता. यंत्र माणसाचे काय पाहते, हा प्रश्न मागे पडला. शिवाय कोणते यंत्र शुद्ध हे ठरवण्याचा अधिकार मोजक्या समित्यांच्या हाती गेला आणि चर्चेची जागा शिक्क्याने घेतली. निवाड्याची परंपरा मोठी आहे ती मतभेद नोंदवून ठेवण्यामुळे. सोळाव्या शतकात व्हेनिसमध्ये डॅनिएल बोम्बेर्ग यांनी छापलेल्या ताल्मुदात मूळ मजकुराभोवती परस्परांशी न पटणारी भाष्ये एकाच पानावर मांडली आणि तीच मांडणी आजवर चालत आली आहे. शिक्क्याच्या फोनमध्ये त्या भाष्यांना जागा नसते.

आणखी एक आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे: ग्रंथ इतके अफाट आहेत की शोधले तर काहीही सापडते, मग जुन्या वचनात नव्या यंत्राचे उत्तर आहे असे म्हणणे ही स्वतःची समजूत घालणे झाले. १९६३ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे बार-इलान विद्यापीठात वाढलेल्या संगणकीय प्रकल्पाने रब्बींची शतकानुशतकांची निर्णयपत्रे शोधण्यायोग्य केली, २०११ मध्ये स्थापन झालेल्या सेफारियाने मूळ ग्रंथ कोणालाही फुकट खुले केले. त्यामुळे हवे ते वचन काढणे अधिकच सोपे झाले. आक्षेप दृष्टांतांना पुरेपूर लागू पडतो. निवाड्यांना कमी, कारण तिथे वचन गैरसोयीचे निघाले तरी टाकून देता येत नाही आणि विरुद्ध मत देणारा समोर उभा असतो. मार्च २०२० मध्ये इस्राएलमधल्या चौदा रब्बींनी टाळेबंदीत एकट्या पडलेल्या वृद्धांसाठी, पेसाख सणाच्या आधीच सुरू केलेल्या झूमवर नातवंडांसोबत सेदर या त्या सणाच्या विधिवत जेवणाला बसण्याची परवानगी दिली. मुख्य रब्बींनी ती नाकारली. दोन्ही बाजूंना एकटेपणाचे दुःख ठाऊक होते, दोन्ही बाजू त्याच ग्रंथांवर उभ्या होत्या, आणि तरी उत्तर एक आले नाही. हवे ते सापडत असते तर असा वाद कशाला झाला असता?

आता प्रश्न आणखी अवघड झाला आहे, कारण बटण दाबण्याचीच गरज राहिलेली नाही. जिन्यातला दिवा पावलांच्या चाहुलीने लागतो, रस्त्यावरचा कॅमेरा येणाऱ्या-जाणाऱ्याला टिपतो, पाण्याचा मीटर नळ उघडल्याची नोंद दूर कुठेतरी पाठवतो. शब्बाथचा नियम हेतुपूर्वक केलेल्या कामाला लागू होतो, म्हणून कॅमेऱ्यासमोरून चालत जाणाऱ्याने चिंता करू नये, असे अनेक रब्बींचे मत आहे, आणि चालणाऱ्याच्या दृष्टीने ते रास्तच आहे. मात्र मिश्नाच्या बावा बात्रा या भागात शेजाऱ्यांविषयीचा एक नियम आहे: सामाईक अंगणाकडे उघडणारी नवी खिडकी कोणी पाडू नये. नुसते पाहिले जाणे हीच इजा, असे ताल्मुदकारांनी त्यावर मानले आहे. काही चोरीला जावे लागत नाही, कोणाची बदनामी व्हावी लागत नाही. त्या नियमात अंगणात वावरणाऱ्याला पडदा लावून घे, तोंड लपव, दुसऱ्या वाटेने जा असे सांगितलेले नाही. जबाबदारी खिडकी पाडणाऱ्यावर टाकली आहे. यंत्रांविषयीचे दीडशे वर्षांचे बहुतेक निवाडे यंत्र वापरणाऱ्याला उद्देशून होते. ते बसवणाऱ्याला उद्देशून निवाडा द्यायचा झाला, तर त्याची सुरुवात या खिडकीपासून करता येईल.