कुलूप दिसलं, पण दुकान कोणाचं?

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येत असतात, फक्त वीजबिलाचं पान उघडत नाही. तरी घरात हाक जाते, 'नेट गेलं!' नेट गेलेलं नसतं. इंटरनेट म्हणजे जगभरच्या संगणकांना जोडणारं जाळं. त्यावरून ई-मेल जाते, व्हिडिओ कॉल होतो आणि वेबची पानंही येतात; म्हणजे वेब हा इंटरनेटचा फक्त एक वापर. इंटरनेटची पूर्वज 'अर्पानेट' १९६९ साली अमेरिकेत सुरू झाली. वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत मांडला, तो थेट १९८९ साली.

क्रोम आणि गूगल यांचीही अशीच गल्लत होते. क्रोम हा ब्राउझर, म्हणजे पानं उघडून दाखवणारं अ‍ॅप. गूगल सर्च हे पानं शोधून देणारं यंत्र. बँकेचं नाव गूगलवर टाकून पहिल्या ओळीवर बोट ठेवणारे बरेच असतात. ती ओळ पैसे देऊन लावलेली जाहिरात असू शकते.

ब्राउझरची 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडणं म्हणजे अदृश्य होणं, हा समजही जुनाच. त्या खिडकीत पाहिलेल्या पानांची नोंद फोनवर राहत नाही आणि खिडकी बंद केली की कुकीज, म्हणजे संकेतस्थळांनी ठेवलेल्या छोट्या नोंदी, पुसल्या जातात, इतकंच. कोणत्या संकेतस्थळावर गेलात, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तरीही कळू शकतं.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मात्र कुलपाचा. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की संकेतस्थळ खरं, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. कुलपाचा अर्थ एवढाच, की फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यामधला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, भामट्यालाही. लोकांचा हा घोळ पाहून क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

मग खूण कोणती पाहायची? पत्ता. भारतीय बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत '.बँक.इन' हा शेवट असलेल्या पत्त्यावर जावं, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला, आणि तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो. पण 'बँक.इन' ही अक्षरं कुठेतरी दिसणं पुरेसं नाही. 'अमुक.बँक.इन.तमुक.कॉम' हा पत्ता बँकेचा नाही, तमुकचा आहे. पत्त्याच्या सुरुवातीला असणाऱ्या 'एचटीटीपीएस' पुढच्या दोन तिरप्या रेघा सोडून जी पहिली तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधी काय लिहिलंय ते वाचायचं. फोनच्या छोट्या पडद्यावर लांब पत्ता कधीकधी अर्धाच दिसतो. अशा वेळी त्यावर बोट ठेवून तो पूर्ण उघडावा आणि मगच पासवर्ड टाकावा.