एक्झॉस्ट बदलला आणि बूस्ट हाताबाहेर गेला: असं का होतं?

गेल्या वेळी फीडबॅकवर लिहिलं, तेव्हा काहींनी म्हटलं की प्रयोगशाळेबाहेरचं एखादं उदाहरण द्या. तर आज एक गाडी घेऊ: माझदा आरएक्स-7, एफडी मालिका. 1991 च्या शेवटी जपानमध्ये आली, 2002 पर्यंत बनत होती. 1.3 लिटरचं दोन रोटरचं वँकेल इंजिन आणि त्यावर एकापाठोपाठ एक काम करणारे दोन टर्बो. पहिला टर्बो खालच्या वेगात चालतो, दुसरा साधारण 4500 आरपीएमला येऊन मिळतो. मूळ गाडीत बूस्ट साधारण 10 पीएसआय, दोन टर्बो जुळताना क्षणभर 8 च्या आसपास, मग पुन्हा 10.

या गाडीचे मालक हमखास एक बदल करतात. टर्बोच्या लगेच पुढचा प्री-कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून मोकळा डाउनपाइप टाकतात, कारण तो बॉनेटखाली प्रचंड उष्णता करतो. मग मोकळा सायलेन्सर. मग मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढतात (अमेरिकेत रस्त्यावरच्या गाडीसाठी हे बेकायदेशीर आहे, ते वेगळं). बूस्ट कंट्रोलरला हातही लावलेला नसतो. तरी 5000 च्या पुढे काटा 10 वर थांबत नाही. 12, 13, 14 असा आरपीएमबरोबर चढत जातो. याला बूस्ट क्रीप म्हणतात.

का होतं, ते पाहू. टर्बाइनला मिळणारी शक्ती नुसत्या मागच्या दाबावर ठरत नाही, आधीचा दाब भागिले नंतरचा दाब या गुणोत्तरावर ठरते. समजा (आकडे फक्त समजण्यापुरते) टर्बाइनच्या आधी 220 किलोपास्कल आणि नंतर 140. गुणोत्तर 1.57. एक्झॉस्ट मोकळा केल्यावर नंतरचा दाब 115 झाला, तर गुणोत्तर 1.91. गॅमा 1.33 धरून आदर्श प्रसरणाचं सूत्र लावा. दर किलो वायूमागे मिळणारं काम सुमारे 40 टक्क्यांनी वाढतं. प्रत्यक्षात आधीचा दाबही थोडा उतरतो, त्यामुळे वाढ इतकी राहत नाही, पण दिशा तीच. जास्त शक्ती म्हणजे कॉम्प्रेसर जास्त हवा ढकलणार, जास्त हवा म्हणजे जास्त एक्झॉस्ट वायू, आणि तो पुन्हा टर्बाइनवर. चक्र स्वतःलाच खाऊ घालतं.

हे चक्र आवरायला वेस्टगेट असतं. बूस्टचा दाब एका डायफ्रामवर येतो, स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि काही वायू टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. कंट्रोलरचा सोलेनॉइड त्या डायफ्रामकडे जाणारा थोडा दाब बाहेर सोडून देतो, म्हणजे झडप उशिरा उघडते आणि बूस्ट वाढतो. इथे नीट लक्ष द्या. कंट्रोलर बूस्ट स्प्रिंगच्या पातळीच्या *वर* नेऊ शकतो, खाली नाही. आणि झडप एकदा पूर्ण उघडली की कुणाच्याच हातात काही उरत नाही. त्या भोकातून जेवढा वायू जाईल तेवढाच जाणार. कंपनीने ते भोक मूळ, कोंडलेल्या एक्झॉस्टच्या हिशोबाने ठेवलं होतं. नियंत्रणशास्त्रात याला ॲक्च्युएटर सॅच्युरेशन म्हणतात.

यात धोका काय? 10 चे 15 पीएसआय झाले तर हवा दीडपट होत नाही, कारण हा गेजवरचा दाब आहे. वातावरणाचे 14.7 मिळवा: 24.7 चे 29.7, म्हणजे तापमान तेच धरलं तर सुमारे 20 टक्के जास्त हवा. (गेज आणि ॲब्सोल्यूट दाबाची गल्लत व्हायव्हात हमखास पकडली जाते, सांगून ठेवतो.) पण 20 टक्केही पुरेसे आहेत. इंधन त्या प्रमाणात वाढलं नाही तर मिश्रण पातळ होतं, डेटोनेशन होतं, आणि रोटरच्या टोकावरचे एपेक्स सील तुटतात. सील तुटला की कॉम्प्रेशन गेलं, आणि इंजिन उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. डेटोनेशन सोसण्याची या इंजिनाची ताकद फार कमी. ईसीयू एका मर्यादेला इंधन तोडतो, पण ती शेवटची भिंत आहे, तिच्या भरवशावर गाडी चालवायची नसते.

आता संशोधनाचा भाग. जास्त बूस्टची कारणं अनेक असू शकतात. या गाडीत बॉनेटखाली व्हॅक्यूम नळ्यांचं जंजाळ आहे, उष्णतेने त्या कडक होतात, निसटतात. डायफ्रामची नळी निसटली तर झडप उघडणारच नाही आणि बूस्ट सुरुवातीपासूनच सुसाट जाईल. सोलेनॉइड चुकीचा सेट असेल तर बूस्ट जास्त येईल, पण त्या पातळीला बऱ्यापैकी स्थिर राहील. 4500 ला दुसरा टर्बो जुळताना एक टोकदार उसळी येऊन काटा परत खाली आला, तर तो स्पाइक. क्रीपची सही वेगळी: आधी ठरलेल्या पातळीला शांत बसतो आणि मग आरपीएमबरोबर हळूहळू 8000 च्या रेडलाइनकडे चढतो. थंड हवेत जास्त चढतो, कारण हवा घन असते. म्हणून "कमाल बूस्ट 14" एवढीच नोंद निरुपयोगी आहे. पूर्ण वक्र हवा.

सोपी चाचणी: सोलेनॉइड बाजूला ठेवून बूस्टची नळी थेट डायफ्रामला जोडायची. हा शक्य तितका कमी बूस्ट. डायनोवर, एअर-फ्युएल मीटर लावून, काटा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा. नळ्या धड असूनही वक्र वर चढत असेल, तर कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये वेळ घालवू नका.

बरेच जण मुख्य कॅटॅलिटिक कन्व्हर्टर परत बसवतात, बूस्ट खाली येतो, आणि "निदान सिद्ध" म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. अडथळा वाढवला तर कुठल्याही कारणाने वाढलेला बूस्ट थोडा तरी उतरेल. गाडी वाचवायला उपाय उत्तम, पुरावा म्हणून कच्चा. त्यापेक्षा वेस्टगेटचं भोक घासून मोठं करणं, ज्याला पोर्टिंग म्हणतात, ही चाचणी स्वच्छ आहे: एक्झॉस्ट तोच, कंट्रोलर तोच, बदलली फक्त वळशाची क्षमता. अर्थात त्याआधी झडप हाताने उघडून पाहायची, ती पूर्ण कोनात फिरते का. अर्ध्यात अडकत असेल, तर भोक कितीही मोठं केलं तरी वक्र तसाच राहील.