सत्तेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंग

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात थॉम्पसन नावाचं एक गाव आहे. तिथल्या ट्रॅकवर १९७२ साली झालेल्या मोटार शर्यतीत एका नवख्या चालकाने आपलं नाव ‘पी. एल. न्यूमन’ असं लिहिलं. वय ४७. हेल्मेट घातल्यावर तो कुणाला ओळखू येण्यासारखा नव्हता, आणि त्याला तेच हवं होतं. हेल्मेट काढलं की मात्र पंचाईत होती. ‘द हसलर’, ‘कूल हँड ल्यूक’, ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ अशा चित्रपटांचा हा नायक, पॉल लिओनार्ड न्यूमन. त्याच्या निळ्या डोळ्यांवर तेव्हा अर्धी अमेरिका फिदा होती.

गंमत म्हणजे हे डोळे रंगांधळे होते. दुसऱ्या महायुद्धात न्यूमनला नौदलात वैमानिक व्हायचं होतं. तपासणीत रंगांधळेपणा निघाला आणि वैमानिक होण्याचं राहिलं. मग पॅसिफिक आघाडीवर टॉर्पेडो टाकणाऱ्या विमानांत तो रेडिओ सांभाळणारा आणि तोफ चालवणारा सैनिक झाला. वेगवान यंत्र स्वतःच्या हातात घेण्याची संधी त्यानंतर पंचवीस वर्षांनी आली, तीही सिनेमाच्या निमित्ताने.

तो सिनेमा म्हणजे १९६९ चा ‘विनिंग’. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीभोवती रचलेल्या या कथेत न्यूमन रेसर, आणि त्याची पत्नी जोआन वुडवर्ड पडद्यावरही पत्नीच. सिनेमा म्हणून ‘विनिंग’ बेताचाच आहे. पण भूमिकेच्या तयारीसाठी न्यूमन आणि सहकलाकार रॉबर्ट वॅग्नर यांना बॉब बॉन्डुरंट या नामवंत रेसरच्या शाळेत पाठवलं गेलं आणि तिथेच ठिणगी पडली. बहुतेक नट अशी कामचलाऊ विद्या शूटिंग संपल्यावर स्टुडिओतच ठेवून घरी जातात. न्यूमनचं उलट झालं. पुढची दोन-तीन वर्षं चित्रपटांची कामं चालूच होती, पण डोक्यात ट्रॅक घोळत होता.

शर्यतीची गाडी चालवणं म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून धरणं, असा आपला समज असतो. खरी कसोटी ब्रेकची. वळण येण्याआधी वेग कुठे आणि किती कमी करायचा, गाडी वळणाच्या आतल्या कडेला नेमकी कुठे टेकवायची आणि बाहेर पडताना पुन्हा वेग कधी द्यायचा, यावर सेकंदाचे दशांश ठरतात. उजव्या पावलाच्या पुढच्या भागाने ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पावलाच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटरला हलकीशी थाप द्यायची, म्हणजे खालचा गिअर पडताना मागची चाकं अडखळत नाहीत. डावा पाय तेवढ्यात क्लचवर. हे सगळं एका श्वासात आणि प्रत्येक फेरीत अगदी तसंच. चाळिशी उलटलेल्या माणसाच्या अंगात हे मुरायला वेळ लागतो आणि न्यूमनलाही तो लागला. आपण स्कीइंग, टेनिस, फुटबॉल यांत धांदरटच होतो, डौल सापडला तो फक्त गाडी चालवण्यात, आणि तोही शिकायला वाटलं होतं त्यापेक्षा फार वेळ गेला, अशा आशयाचं तो पुढे सांगत असे.

कनेटिकटमध्येच बॉब शार्प नावाचा एक डॅटसन गाड्यांचा विक्रेता होता, स्वतःही पट्टीचा रेसर. न्यूमन त्याच्या संघात दाखल झाला. डॅटसन ५१० ही दिसायला साधी, चौकोनी, घरगुती जपानी गाडी. हॉलिवूडचा तारा म्हटल्यावर फेरारी डोळ्यांपुढे येते. हा मात्र असल्या गाड्यांतून हौशी लोकांच्या गर्दीत शिकत होता. ‘एससीसीए’ या अमेरिकी क्लबच्या शर्यतींत आठवडाभर आपापले उद्योग सांभाळून शनिवार-रविवारी ट्रॅकवर येणारी माणसं भाग घेतात. तिथे ऑस्करच्या नामांकनांना कुणी हिंग लावून विचारत नाही. तिथे स्टॉपवॉच लावलं जातं, आणि ते खोटं बोलत नाही.

माझ्या मते न्यूमनच्या वेडाची किल्ली इथेच आहे. नटाने केलेलं काम चांगलं की वाईट हे शेवटी दुसरेच ठरवतात: दिग्दर्शक, समीक्षक, तिकीटबारी, पुरस्काराची समिती. त्यातही चेहरा देखणा असला, तर अभिनयाचं श्रेय चेहराच खाऊन टाकतो. या संशयाने न्यूमनला आयुष्यभर छळलं. ट्रॅकवर फेरी एक मिनिट दोन सेकंदांत पूर्ण झाली तर झाली. डोळे निळे असल्याने त्यातला अर्धा सेकंदही कमी होत नाही.

थॉम्पसनच्या त्या शर्यतीनंतर चार वर्षांनी, १९७६ साली, ट्रायम्फ टीआर६ गाडीत त्याने आपल्या गटाचं एससीसीए राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. वय ५१. त्यानंतर १९७९, १९८५ आणि १९८६ साली आणखी तीन राष्ट्रीय विजेतेपदं आली. शेवटची दोन निस्सान ३०० झेडएक्स टर्बो या दणकट गाडीत, सगळ्यांत वेगवान गटात. ट्रान्स-ॲम या व्यावसायिक मालिकेतही तो दोनदा जिंकला, १९८२ मध्ये मिनेसोटातल्या ब्रेनर्डला आणि १९८६ मध्ये कनेटिकटमधल्याच लाइम रॉकला. १९८६ हे वर्ष मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी ‘द कलर ऑफ मनी’ आला आणि त्यासाठी पुढच्या वर्षी त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, जे त्याआधी सहा वेळा हुकलं होतं. सोहळ्याला तो गेलाच नाही. याच चित्रपटातल्या तरुण सहकलाकाराला, टॉम क्रूझला, त्याने रेसिंगची गोडी लावली. क्रूझ काही काळ न्यूमन-शार्प संघाच्या गाड्यांतून शर्यतींत उतरला आणि १९९० साली ‘डेज ऑफ थंडर’ हा रेसिंगवरचा सिनेमा घेऊन आला.

सगळ्यांत मोठी परीक्षा झाली ती जून १९७९ मध्ये, फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत. एक गाडी, आळीपाळीने चालवणारे चालक, शनिवारच्या दुपारपासून रविवारच्या दुपारपर्यंत अखंड धाव. एक फेरी साडेतेरा किलोमीटरच्या आसपास, आणि बराचसा मार्ग एरवी गावकऱ्यांच्या रहदारीचा रस्ता. मुल्सानची सरळ पट्टी तेव्हा जवळजवळ सहा किलोमीटर विनाअडथळा होती. मध्ये दोन वळणं घातली गेली ती १९९० साली. न्यूमनच्या हाती डिक बार्बर संघाची पोर्शे ९३५ होती. ही गाडी त्या पट्टीवर ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाई. सोबत स्वतः बार्बर आणि जर्मनीचा अनुभवी रोल्फ श्टोमेलेन.

त्या वर्षी पाऊस कोसळला. पावसाळी रात्री पुढच्या गाडीच्या चाकांनी उडवलेल्या पाण्याच्या भिंतीतून त्या वेगाने जायचं, म्हणजे दिसतं ते फक्त एक लाल ठिपका. अशा वेळी शौर्यापेक्षा गाडी रस्त्यावर ठेवणं महत्त्वाचं, आणि ५४ वर्षांच्या न्यूमनने ते चोख केलं. रविवारी सकाळी पहिल्या क्रमांकावरच्या क्रेमर संघाच्या पोर्शेचा इंजिनाला इंधन पोचवणाऱ्या पंपाचा पट्टा तुटला. चालक डॉन व्हिटिंग्टन ट्रॅकवरच अडकला आणि त्याने स्वतःच खटपट करून गाडी कशीबशी पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, आणली. त्यात त्यांचा तासाहून जास्त वेळ गेला. बार्बरच्या गाडीला हीच संधी होती. पण तिच्या एका चाकाचा नट पिटमध्ये असा जाम झाला की मेकॅनिकांना घाम फुटला आणि मिळालेला वेळ तिथेच गेला. शेवटी इंजिनही कण्हू लागलं. न्यूमनच्या गाडीने रडतखडत रेषा ओलांडली, दुसऱ्या क्रमांकावर.

खरं सांगायचं तर त्या गाडीचा वेग प्रामुख्याने श्टोमेलेनचा होता, आणि न्यूमन जगातल्या पहिल्या फळीचा रेसर कधीच नव्हता. पण चाळिशी उलटल्यावर शिकून ल मांला व्यासपीठावर उभं राहणारे किती? त्या दिवशी छायाचित्रकारांनी त्याचा इतका पिच्छा पुरवला की तो पुन्हा ल मांला शर्यतीसाठी गेला नाही. याच्या सात महिने आधी, नोव्हेंबर १९७८ मध्ये, त्याचा मुलगा स्कॉट औषधं आणि दारूच्या अतिसेवनाने गेला होता. या दोन घटनांची सांगड घालण्याचा मोह अनेक लेखकांना झाला आहे. मला तो आवरता घ्यावासा वाटतो.

जोआनला या छंदाचा धसका होता. तिने नवऱ्याला रोलेक्स डेटोना घड्याळ दिलं आणि पाठीमागे कोरून घेतलं: ‘सांभाळून चालव, मी’. बायकोची ती ताकीद न्यूमनने वर्षानुवर्षं मनगटावर वागवली आणि पुढे घड्याळ मुलीच्या मित्राला देऊन टाकलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला पावणेदोन कोटी डॉलरहून अधिक किंमत आली.

चालक म्हणून मर्यादा होत्या, पण संघाचा मालक म्हणून न्यूमन पहिल्या फळीतच बसला. कार्ल हास हा तोंडात कायम न पेटवलेली सिगार ठेवणारा शिकागोकडचा गाड्यांचा व्यापारी. आधी तो न्यूमनचा प्रतिस्पर्धी होता. दोघांनी १९८३ मध्ये न्यूमन-हास संघ काढला आणि पहिला चालक म्हणून थेट नामवंत रेसर मारिओ आंद्रेत्तीला आणलं. दुसऱ्याच वर्षी विजेतेपद. पुढे मारिओचा मुलगा मायकेल जिंकला. १९९२ चा फॉर्म्युला वन जगज्जेता नायजेल मॅन्सेल १९९३ मध्ये इंग्लंडहून आला आणि पहिल्याच हंगामात अमेरिकेतलं विजेतेपद घेऊन गेला. २००७ पर्यंत या संघाची आठ विजेतेपदं झाली, त्यांतली शेवटची चार ओळीने फ्रान्सच्या सेबास्तियां बुर्देची.

मालक झाल्यावर माणूस सावलीत खुर्ची टाकून बसतो. न्यूमन बसला नाही. १९९५ च्या फेब्रुवारीत, सत्तरी पूर्ण झाल्यावर दीड आठवड्याच्या आत, तो फ्लोरिडातल्या डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत रौश संघाच्या फोर्ड मस्टँगमध्ये बसला. सोबत टॉमी केंडल, मार्क मार्टिन आणि मायकेल ब्रॉकमन. गाडीचा क्रमांक ७०, आणि तिच्यावर जाहिरात त्याच्याच ‘नोबडीज फूल’ या चित्रपटाची. गाडी आपल्या गटात पहिली आली आणि एकूण क्रमवारीत तिसरी. मोठ्या अधिकृत शर्यतीतल्या विजेत्या संघाचा सर्वांत वयस्क चालक म्हणून त्याचं नाव गिनेसच्या नोंदींत गेलं. २००५ मध्ये ऐंशी पूर्ण झाल्यावर तो पुन्हा डेटोनाला उतरला. या वेळी गाडी शेवटपर्यंत टिकली नाही, आणि त्याच्या सोबतच्या चालकांत बुर्दे होता, म्हणजे मालकाच्या बरोबरीने त्याचाच नोकर.

घरचा ट्रॅक म्हणावा तो लाइम रॉकचा. कनेटिकटच्या हिरव्या टेकड्यांत जेमतेम अडीच किलोमीटरचा, आणि एक वळण सोडलं तर सगळी उजवीकडची. रविवारी तिथे शर्यती होत नाहीत. शेजाऱ्यांनी आवाजाबद्दल तक्रार केली आणि १९५९ मध्ये न्यायालयाने रविवारी बंदी घातली, ती अजून पाळली जाते. न्यूमन शेवटपर्यंत इथे चालवत राहिला. म्हातारपणी गाडीवर आपल्या वयाचाच आकडा रंगवायची त्याची खोड होती. २६ सप्टेंबर २००८ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला.

त्याची शेवटची मोठी भूमिका आपल्याकडच्या मुलांनीही पाहिली आहे, फक्त त्यांना ती कुणाची हे माहीत नसतं. पिक्सारच्या २००६ च्या ‘कार्स’मधला डॉक हडसन, एकेकाळी शर्यती गाजवून आता धुळीच्या गावात तोंड वाकडं करून बसलेली जुनी निळी गाडी, हा आवाज न्यूमनचा आहे. ध्वनिमुद्रणाच्या मधल्या वेळात तो रेसिंगवर भरभरून बोलत असे, आणि टेप चालूच ठेवलेली असे. ते बोलणं पिक्सारने जपून ठेवलं आणि २०१७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आलेल्या ‘कार्स ३’मध्ये डॉकच्या तोंडी वापरलं.