दोन जीबीत संसार

जुना लॅपटॉप सुरू केला की आधी पंखा घोंघावतो, मग हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकायला लागतो आणि थांबायचं नाव घेत नाही. एका टॅबमध्ये बातम्या, दुसऱ्यात ईमेल एवढं उघडलं तरी माउसचा बाण अडखळतो. ‘प्रोसेसर म्हातारा झाला’ असं आपण म्हणून टाकतो. पण त्याच वेळी टास्क मॅनेजर पाहिला, तर बऱ्याचदा प्रोसेसर निवांत दिसतो आणि डिस्क मात्र शंभर टक्के कामात.

त्याचं कारण मेमरीत आहे. रॅम भरली की ऑपरेटिंग सिस्टीम तिच्यातली माहिती चार-चार किलोबाइटच्या ‘पानां’नी उचलून डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. याला स्वॅप म्हणतात. ओटा लहान असला की दर फोडणीला मोहरीचा डबा माळ्यावरून काढावा लागावा, तशी ही गत. रॅममधली माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात; फिरत्या हार्ड डिस्कवरून ती शोधून आणायला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ. ही ने-आण हाताबाहेर गेली की मूळ काम बाजूलाच राहतं.

हलकी ऑपरेटिंग सिस्टीम रॅम भरण्याची वेळ पुढे ढकलते, एवढंच तिचं काम. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. त्यामुळे जुन्या यंत्रांची वाट बहुधा लिनक्सकडे वळते. तिथेही हलकेपणा कर्नलपेक्षा, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यापेक्षा, डेस्कटॉपवर अधिक ठरतो. उबुंटू आणि लुबुंटू या लिनक्सच्या दोन रूपांचा पाया एकच. पण उबुंटूचा ग्नोम डेस्कटॉप ऐसपैस, तर लुबुंटूचा एलएक्सक्यूटी आटोपशीर.

निवडताना पहिला प्रश्न प्रोसेसर ३२-बिट की ६४-बिट हा. इंटेलचे ‘कोअर ड्युओ’ आणि ‘कोअर २ ड्युओ’ दोन्ही २००६चे, नावात एका आकड्याचा फरक. पण पहिला ३२-बिट, दुसरा ६४-बिट. हे पाहणं आता महत्त्वाचं झालं आहे, कारण डेबियन या लिनक्सच्या २०२५मधल्या १३व्या आवृत्तीने ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. अशा यंत्रासाठी अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२-बिट आवृत्ती मिळते.

मग रॅम. ४ जीबी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. विंडोजची सवय असलेल्यांना ती लगेच हाताला बसते. २ जीबीला लुबुंटू किंवा अँटीएक्स. त्याहूनही कमी असेल तर अँटीएक्स किंवा पपी. बॅरी काउलर यांनी २००३मध्ये सुरू केलेली पपी लिनक्स स्वतःच रॅममध्ये जाऊन बसते आणि पेनड्राइव्हवरूनही चालते. मात्र अशा छोट्या सिस्टीममध्ये देवनागरी फॉन्ट नसला तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. लोहित किंवा नोटो फॉन्ट टाकला आणि कीबोर्डच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट निवडला की काम भागतं.

एवढं करूनही खरा खादाड उरतोच, तो म्हणजे ब्राउझर. सिस्टीम बदलून दोन-चारशे एमबी वाचवावेत आणि चार टॅबनी ते गिळावेत, हे नेहमीचंच. याला निव्वळ ढिसाळपणाही म्हणता येत नाही. २०१८मध्ये प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ त्रुटी उघड झाल्यावर क्रोमने वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगवेगळ्या प्रक्रियांत कोंडायला सुरुवात केली. या सुरक्षेपायी मेमरीचा वापर १० ते १३ टक्के वाढल्याचं गुगलनेच सांगितलं होतं. लिनक्समधलं झेडरॅम इथे थोडा हात देतं. ते पानं डिस्कवर न पाठवता रॅममध्येच दाबून, आकार कमी करून ठेवतं. त्यासाठी प्रोसेसरला थोडे कष्ट पडतात, पण डिस्कची वाट पाहण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त.

म्हणून निवडीची परीक्षा ब्राउझरवरच घ्यावी. सिस्टीम पेनड्राइव्हवर घ्या आणि इन्स्टॉल न करता चालवून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. मग रोजचे टॅब उघडा आणि मेमरी किती शिल्लक राहते ते पाहा. पुरेशी राहिली तर फायलींची प्रत दुसरीकडे काढून खुशाल इन्स्टॉल करा. उरलीच नाही तर आणखी हलक्या सिस्टीमच्या मागे धावण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा रॅमची एक पट्टी वाढवा आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असेल आणि वाढवता येत नसेल, तर त्या लॅपटॉपला लेखन, पीडीएफ वाचन आणि गाणी एवढीच कामं द्या. ती तो बिनबोभाट करेल.