स्वयंपाकघरातील मध्य-ओटा : घरच्या घरी, मापात आणि जयणेने

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरांत स्वयंपाकघराची खरी कसोटी दुपारी चारनंतर लागते. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुकानातली मंडळी आणि शिकणारी मुले त्याआधी घरी पोहोचायची, आणि त्या दोन तासांत पोळी, भाजी, वरण-भात, गाळून उकळलेले पाणी असे सारे सिद्ध हवे. भिंतीला टेकलेला एकच ओटा अशा वेळी अपुरा पडतो. एक सून पोळ्या लाटते, दुसरी भाजी चिरण्यासाठी जेवणाच्या मेजाकडे जाते, सासूबाई जमिनीवर बसून धान्य निवडतात आणि उठताना गुडघ्यांवर हात टेकतात.

स्वयंपाकघराच्या मध्यभागी, चारही बाजूंनी मोकळा असा दुसरा ओटा, म्हणजे ज्याला आज ‘किचन आयलंड’ म्हणतात तो, या अडचणीवरचा एक उपाय आहे. ती केवळ श्रीमंती सजावट आहे, हा समज बरोबर नाही. स्वयंपाकघरातील पावले मोजून मांडणी करावी, हा विचार जुना आहे. वास्तुविशारद मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेले ‘फ्रँकफर्ट किचन’ याच विचारातून जन्मले आणि त्या शहरातील सुमारे १०,००० घरांत बसविले गेले. ते स्वयंपाकघर चिंचोळे होते, त्यात मध्य-ओटा नव्हता. पण गृहिणीचे श्रम हा हिशेबात धरण्याचा विषय आहे, हे त्याने दाखवून दिले.

आधी जागेचा ताळेबंद

मध्य-ओटा करावा की नाही, हे हौसेने नव्हे, फूटपट्टीने ठरवावे. मूळ ओटा २४ इंच, शेगडीसमोर दोघींना पाठीला पाठ न लागता वावरण्यासाठी ४२ इंच, नवा ओटा २६ इंच आणि पलीकडे एका व्यक्तीची वाट ३६ इंच. ही बेरीज १२८ इंच, म्हणजे १० फूट ८ इंच होते. खोलीची रुंदी याहून बरीच कमी असेल, तर मोह आवरावा. ८ फुटी खोलीत १८ इंच रुंदीचे, चाकांचे हलके टेबल समोरच्या भिंतीला लावावे. मध्ये ५४ इंच मोकळे राहतात आणि काम संपले की वाटही अडत नाही. चाकांना अडसर मात्र हवाच.

जागा पुरेशी वाटली, तरी ५० बाय २६ इंचांचा आयत खडूने फरशीवर आखून आठवडाभर त्याच्या कडेकडेने वावरावे. फ्रीजचे दार उघडते का, गरम पातेले घेऊन वळता येते का, हे त्या आठ दिवसांत कळते. लाकूड कापल्यानंतर कळण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

उंची कोणाची धरावी?

उंची बाजारातल्या ठोकळ्यावरून न घेता, जी व्यक्ती तिथे सर्वाधिक वेळ उभी राहणार तिच्या कोपरावरून घ्यावी. ताठ उभे राहून कोपर दुमडले असता त्याच्या ४ ते ६ इंच खाली चिरण्याचा पृष्ठभाग असावा. ५ फूट १ इंच उंचीच्या स्त्रीसाठी हे माप साधारणपणे ३२ ते ३४ इंच येते. लाटताना खांद्यातून जोर लावावा लागतो, म्हणून पोळ्या तिथेच लाटायच्या असतील तर आणखी थोडे खाली यावे. धान्य निवडणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी पाय टेकवता येईल असे उंच स्टूल बाजूला ठेवले, की त्यांचे जमिनीवर बसणे-उठणे वाचते.

साहित्य आणि जोडणी

विटांचा आणि कडप्प्याचा ओटा सदनिकेत मध्यभागी बांधू नये. त्याच्या केवळ दोन आडव्या भिंतीच दोन-अडीचशे किलो भरतात. अभियंत्याच्या संमतीविना स्लॅबवर तो भार घालणे इष्ट नाही. त्याऐवजी आयएस ७१० प्रतीचे, आयएसआय चिन्ह असलेले १८ मिलिमीटरचे मरीन प्लायवूड घ्यावे.

८ बाय ४ फुटांच्या दोन शीट पुरतात. पेटी ४८ इंच लांब, २३½ इंच खोल आणि २६¼ इंच उंच धरावी. खोली २४ इंच धरू नये, कारण करवतीचे पातेच सुमारे ३ मिलिमीटर लाकूड खाते आणि ४८ इंचांतून २४ इंचांचे दोन तुकडे पूर्ण मापाचे निघत नाहीत. पहिल्या शीटमधून वरची व खालची फळी, दोन बाजू आणि मधला दुभाजक निघतो. दुसरीतून पाठ, दारे आणि कप्पे. मापांचा कागद देऊन हे काप दुकानातील यंत्रावरच करून घ्यावेत. हातकरवतीने सरळ रेषा साधणे नवख्याला जड जाते.

जोडताना आधी बारीक भोक, मग जलरोधक गोंद, मग स्क्रू हा क्रम मोडू नये, नाहीतर प्लायची कड फुटते. चौकट उभी झाली की कर्ण मोजावेत. दोन्ही कर्ण समान असतील तरच पेटी काटकोनात आहे. नसतील तर गोंद ओला असतानाच दाबून सरळ करावी.

खाली ६ इंच उंचीचे, फिरवून कमी-जास्त करता येणारे सहा स्टीलचे पाय बसवावेत : चार कोपऱ्यांवर, दोन दुभाजकाखाली. वर ५० बाय २६ इंचांचा, १८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट ठेवावा. तो सुमारे ९ चौरस फूट होतो आणि त्याचे वजन ४० किलोच्या आसपास भरते, म्हणून चौघांनीच उचलावा. एकूण उंची ३३ इंच येते.

जयणा आणि सुरक्षा

पाय मोकळे ठेवण्यामागे कारण आहे. बंद तळाच्या फटीत ओल राहते, झुरळे आणि मुंग्या वस्ती करतात आणि मग फवारणीची वेळ येते. तळ मोकळा असला, की मऊ झाडणी रोज आत फिरते आणि जीवोत्पत्तीच टळते. त्याच हेतूने प्लायची प्रत्येक कापलेली कड पट्टी लावून बंद करावी आणि दगडाखालची फट सिलिकॉनने भरावी. धान्य निवडण्याच्या जागी वरून थेट प्रकाश पडेल असा दिवा असावा.

गॅसची नळी मध्य-ओट्याकडे नेऊ नये. अग्नी भिंतीकडेच राहू द्यावा. विजेचे बटण हवे असेल, तर ते पृष्ठभागावर न घेता बाजूच्या फळीवर, परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच घ्यावे, आणि त्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच आहे याची खात्री करावी.

काप दुकानात, दगड कारागिराकडे, वीज तंत्रज्ञाकडे. मोजणी, जोडणी आणि रंगकाम घरच्यांकडे, अशी वाटणी केली तर दोन-तीन रविवारांत काम होते. खर्चाची वही मुलांच्या हाती द्यावी. माप, मागणी आणि पोच असे तीन रकाने त्यांनीच भरावेत. पेढीवर बसण्याआधी मिळणारे हे शिक्षण लहान नव्हे. आणि काय करायचे, कोठे करायचे, किती उंच करायचे, हा पहिला शब्द त्या घरात रोज उभ्याने राबणाऱ्या स्त्रीचा असावा. ओटा तिच्यासाठी आहे.