धमनी मोकळी, तरी झटका कसा?

आधीच सांगतो, मी औषधं देणारा डॉक्टर नाही. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. पण रोगाचं निदान हेही शेवटी अनुमानच असतं, म्हणून हा विषय घेतला.

डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. आता इस्पितळात बघा. समजा, चाळिशीतली एक बाई छातीत दुखतं म्हणून येते. ईसीजी झटक्याचाच, रक्तात ट्रोपोनिन वाढलेलं. अनुमान सरळ: हृदयाच्या धमनीत गुठळी. अँजिओग्राफी होते, आणि धमन्या स्वच्छ निघतात! मग कोणीतरी म्हणतं, "काही नाही, टेन्शन असेल." बाई घरी जाते, आणि तेच दुखणं पुन्हा उठतं.

चूक कुठे झाली? ट्रोपोनिन वाढलं यावरून हृदयाच्या स्नायूला इजा झाली, एवढंच ठरतं. ती गुठळीनेच झाली, हे ठरत नाही. हेतू आहे, पण साध्य नाही, असंही घडतं. नैयायिक अशा हेतूला सव्यभिचारी म्हणतात.

गुठळी नसेल, तर एक कारण गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत असू शकतं. तिचं संप्रेरक फार वाढलं की काही रुग्णांत हृदयाची धमनी आवळली जाते, रक्त अडतं, आणि थोड्या वेळाने ती सैल पडते. तपासणीच्या वेळी आवळलेली सापडली आणि नायट्रोग्लिसरीनने उघडली, तर उलगडा होतो. कधी हृदयाचा डावा कप्पाच फुगतो. जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये त्याला ताकोत्सुबो, म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं, असं नाव दिलं. तो इकोत दिसतो.

म्हणून विचारायला हवं: भूक असून वजन उतरलंय का? हात थरथरतात का? उकाडा सोसत नाही का? आणि टीएसएच तपासायला हवं. कारण उपचार बदलतात. थायरॉईडच्या धडधडीवर नेहमी दिलं जाणारं प्रोप्रानोलॉल आवळलेल्या धमनीला बाधू शकतं. अँजिओग्राफीच्या औषधातलं आयोडीनही थायरॉईड भडकवू शकतं. उलट थायरॉईड आटोक्यात आला की असे झटके बहुधा थांबतात.

एक मात्र लक्षात ठेवा. छातीत दुखलं तर थायरॉईडचा विचार करत घरी बसू नका, आधी इस्पितळ गाठा. गुठळीची शंका आधी फेडायची, ती फिटल्यावरही "मग हे झालं कशामुळे?" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.